खूण सांगा

चोर हा शब्द मी वापरला नव्हता. हे आधीच सांगतो, कारण इतकी वर्षं मी स्वतःची समजूत याच वाक्यावर घालत आलो आहे. मी 'सवय' म्हणालो होतो. 'म्हातारपणी लागते एखाद्याला सवय,' असं आवाज खाली आणून, चेहऱ्यावर कणव आणून मी आमच्या साहेबांना म्हणालो, आणि बरकतपुऱ्यातल्या एका सरळ माणसाला, माझ्या घरमालकाला, चोर ठरवून मोकळा झालो. कणव आणायला फारसे कष्ट पडले नाहीत. माझ्याजवळ ती भरपूर आहे. एरवी सगळी स्वतःवरच खर्च होते, त्या दिवशी थोडी दुसऱ्याकडे वळवली, इतकंच.

तसा मी माफी मागण्यात कंजूष नाही. बसमध्ये माझ्या पायावर कुणी पाय दिला तर मीच त्याला सॉरी म्हणतो. रिक्षावाल्याची माफी मागतो, दूधवाल्याची मागतो, चुकीच्या नंबरावरून आलेल्या फोनला 'माफ करा, हा तो नंबर नाही' असं अजिजीनं सांगतो. फक्त जिथे मागायला हवी होती तिथे मागायला मला वीसेक वर्षं लागली.

देशाची दारं नुकतीच उघडली होती तेव्हाची ही गोष्ट. मी परभणीहून हैदराबादला आलो. संगणकाचं काम करणाऱ्या एका नव्या कंपनीत मला चिकटवून घेतलं होतं, पण अजून पक्कं केलं नव्हतं. बरकतपुऱ्यात गच्चीवरची एक खोली मिळाली. खाली मालक आणि मालकीणबाई राहत. मी त्यांना काका-काकू म्हणायचो. काका मला गावावरून 'परभणीकर' म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते म्हणत, "नाव काय, कुणाचंही काहीही असतं. गाव बरं असतं."

माझ्या मुक्कामाच्या पहिल्याच आठवड्यात काका जिना चढून वर आले. दोन्ही हात पाठीमागे.

"परभणीकर, तुमचं काही हरवलंय?"

मी घाबरून खिसे चाचपले. "नाही. बहुतेक नाही."

"आठवा."

"रुमाल असेल. गच्चीवर वाळत घातला होता."

"खूण सांगा."

"पांढरा आहे."

"हैदराबादेत सगळ्यांचे रुमाल पांढरे आहेत. खूण."

मी बराच वेळ विचार केला. शेवटी आईनं एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं टाका घातल्याचं आठवलं. काकांनी पाठीमागचा हात पुढे केला. रुमाल धुऊन, घडी करून आणला होता. "हौ. तुमचाच," असं म्हणून ते खाली गेले. हा रुमाल आमच्याच जिन्यात पडला होता आणि त्या जिन्यावर माझ्याशिवाय कुणी राहत नव्हतं, हे मला नंतर सुचलं. तसं मी काकूंना म्हणालोही.

काकू म्हणाल्या, "त्या दिवशी माझी साडी वाऱ्यानं उडून शेजारी गेली. शेजारीण आणून देत होती. हे मध्येच उभे. 'ताई, देऊ नक्का. आधी आमच्या हिला खूण विचारा.' तीस वर्षं मी तीच साडी नेसतेय हो."

काका कोर्टातून निवृत्त झालेले. घराण्यात दोन पिढ्या सरकारी नोकरी, त्यातली काकांची सगळी गेली मालखान्यात. चोरीच्या खटल्यांतला मुद्देमाल जिथे ठेवतात ती खोली. सायकली, घड्याळं, हंडे, शिवणयंत्रं. खटला संपला की वस्तू मालकाला परत द्यायची, पण मालकानं खूण सांगितली तरच. अडचण अशी, की खटले संपायचे नाहीत. एका माणसाची सायकल इतकी वर्षं पडून राहिली, की तो न्यायला आला तेव्हा गुडघ्यांनी गेला होता. काका सांगायचे, "सायकल हातात धरून चालत गेला तो. मी फाटकापर्यंत बघत होतो. एकदाही बसला नाही." आणि एक बाई आली होती तांब्याची लोटी न्यायला. तिनं लोटीच्या पोटातला पोचा सांगितला, लेकीनं लहानपणी आपटली होती म्हणून. मग तिथेच, कोर्टाच्या नळावर ती लोटी भरून पाणी प्यायली आणि रिकामी लोटी पोटाशी धरून बसून राहिली. लेक मधल्या काळात गेली होती.

ही गोष्ट काकांनी मला एकदाच सांगितली. त्यानंतर मला त्यांच्या 'खूण सांगा'चं हसू कमी यायला लागलं. थांबलं मात्र नाही.

कारण निवृत्तीनंतर त्यांनी सगळ्या शहराचाच मालखाना करून टाकला होता. रस्त्यात काही पडलेलं दिसलं की ते उचलायचे आणि मालक शोधायला लागायचे. त्या वर्षी आम्ही तिघं नामपल्लीच्या नुमाइशीला, जानेवारीतल्या मोठ्या प्रदर्शनाला, गेलो. आत शिरताच काकांना लहान बाळाचा एक मोजा सापडला. पुढची सगळी नुमाइश त्यांनी लोकांच्या कडेवरच्या पोरांचे पाय बघण्यात घालवली. काकूंना बांगड्या घ्यायच्या होत्या, मला भजी खायची होती. शेवटी आकाशपाळण्यापाशी एक पाय उघडा असलेलं बाळ दिसलं. काका पुढे होऊन त्याच्या आईला म्हणाले, "निशानी बोलो अम्मा." ती बाई हबकून नवऱ्याला हाका मारायला लागली. नवऱ्यानं बाळाचा दुसरा पाय काकांच्या नाकासमोर धरला. मोजा तसाच होता. काका समाधानानं म्हणाले, "ठीक."

अपवाद फक्त पतंगाचा. कटून आलेल्या पतंगाला मालक नसतो, असं त्यांचं मत होतं. संक्रांतीच्या दिवसांत त्यांना जरा विश्रांती मिळायची.

आता थाळ्यांचं. आमचे साहेब अमेरिकेत शिकून, नोकरी करून परतलेले. नावानं हाक मारा म्हणायचे, आम्हाला ते जमायचं नाही, आम्ही 'सर' म्हणायचो. त्यांनी तिकडून प्लास्टिकच्या जड तबकड्या आणल्या होत्या. पोरं एकमेकांकडे उडवतात त्या नव्हेत. या धारदार कडेच्या. ठरलेल्या झाडाला नेम धरून फेकायच्या. जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची. कमीत कमी फेकींत झाडाला लावेल तो जिंकला. हा गोल्फचाच एक प्रकार असल्याचं त्यांनी सांगितलं आणि आम्हाला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. दर रविवारी सकाळी विद्यापीठामागच्या खडकाळ माळावर सगळं ऑफिस जमायचं. खेळाची आवड कुणालाच नव्हती. पण सर येत, म्हणून आम्ही येत होतो. प्रत्येकाला सरांनी एकेक तबकडी दिली होती. माझी निळी. आमच्या काकू म्हणायच्या, "गेले ताटं फेकायला. घरात एक ताट कधी उचललं नाही."

माझी फेक अशी, की झाड समोर असलं तरी तबकडी मागे उभ्या असलेल्यांनी सांभाळावी. म्हणून सरांनी मला थैली सांभाळायचं काम दिलं. रविवारी खेळ झाला की त्यांच्या सगळ्या तबकड्यांची थैली माझ्याकडे. मी ती माझ्या खोलीबाहेर खुंटीला टांगायचो. सरांनी विश्वास टाकला याचा मला इतका अभिमान, की परभणीला घरी कळवलंसुद्धा. काय काम आहे ते कळवलं नाही.

माळावर खडक आणि काटेरी झुडपं. तबकड्या हरवायच्या. आणि काका रोज पहाटे तिकडेच फिरायला जात. मग काय. सोमवारी काका थाळी घेऊन मालकाच्या दारी हजर. काकांनी त्या तबकड्यांना थाळीच म्हटलं कायम. अंबरपेठेतल्या माझ्या एका सहकाऱ्याकडे ते तीनदा गेले. पहिल्यांदा तो घरी नव्हता. त्याच्या आईनं हात पुढे केला तर म्हणाले, "थाळी तुमची नाही बाई, मुलाची." दुसऱ्यांदा तो होता, पण थाळी नवी, तिच्यावर खूणच नाही. "मग करून घ्या," असं म्हणून काकांनी त्याला समोर बसवून उदबत्तीनं डाग पाडायला लावला. तिसऱ्यांदा पुन्हा हरवल्यावर त्यानं डाग बरोबर सांगितला, तेव्हा चहा घेऊन उठले. त्यानंतर त्यांनी आम्हा सगळ्यांच्याच थाळ्यांवर खुणा करवून घेतल्या. थाळीवर नाव लिहिलेलं असलं तरी चालत नसे. "नाव कुणीही लिहील. खूण ज्याची त्यालाच ठाऊक."

सरांची स्वतःची एक केशरी तबकडी होती. विद्यार्थी असल्यापासूनची. ती ते कुणाला हात लावू देत नसत. सर आठवडाभर दिल्लीला गेले आणि थैली माझ्या खुंटीला होती. एका संध्याकाळी मी केशरी तबकडी काढली आणि एकटाच माळावर गेलो. मला वाटलं होतं, माझी फेक वाईट नाही, माझी तबकडी वाईट आहे. पहिल्याच फेकीत ती तळ्याकडच्या खडकांमागे गेली आणि अंधार पडेपर्यंत सापडली नाही.

रविवारी सरांनी थैलीत हात घातला. "ऑरेंज कुठाय?"

"होती सर. आतच होती. मी स्वतः पाहिली," मी म्हणालो.

 सबंध खेळात ते मधूनमधून थैलीकडे बघत होते, आणि मधूनमधून माझ्याकडे. मला पक्कं करायचं की नाही, हे त्याच महिन्यात ठरायचं होतं.

सोमवारी संध्याकाळी घरी आलो तर काका ओट्यावर माझी वाट बघत. "परभणीकर, तुमच्या साहेबांची थाळी सापडली. तळ्यापाशी, दोन खडकांच्या मध्ये. नाव आहे, फोन आहे. उद्या ऑफिसात येऊन देतो."

"द्या ना काका माझ्याकडे. मी देतो."

"तुमची आहे का?"

"नाही, पण मी तिथेच—"

"मग तुमच्या हातात कशी देऊ? मालकाच्या हातात जाईल."

"खामखा तुम्हाला बसचा त्रास."

"मला नाही त्रास. तुम्ही का परेशान दिसताय?"

त्याच वेळी सांगता आलं असतं. काका, मीच हरवली. तीन शब्द. काका हसले असते, कदाचित माझ्यासोबत सरांकडे येऊन बाजूही मांडली असती. पण रात्रभर मला एकच दिसत होतं: काका सरांना जागा सांगताहेत, दोन खडकांच्या मध्ये, आणि सर माझ्याकडे बघताहेत.

सकाळी मी ऑफिस उघडायच्या आधी दारात उभा होतो. सर आले. मी म्हणालो, "सर, एक सांगायचंय. माझे घरमालक आज येतील. तबकडी माळावर सापडली म्हणतील. वयस्कर आहेत. म्हातारपणी लागते एखाद्याला सवय. थैली माझ्या खोलीबाहेर असते ना. त्यांच्या घरात लोकांच्या खूप वस्तू आहेत. कृपा करून त्यांना काही बोलू नका."

यातलं शेवटचं वाक्य मला त्या वेळी फार उदात्त वाटलं होतं.

आमच्या नव्या ऑफिसात सगळ्या केबिनींना काचा होत्या. दिसायचं सगळं, ऐकू काही यायचं नाही. काका आले ते कोर्टात घालायचे तो काळा कोट घालून. हात पाठीमागे, हातात थाळी. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मला काचेतूनही कळलं. सर उठले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला, हळूच मागून थाळी काढून घेतली, खुर्चीत बसवलं, चहा मागवला. इतक्या मायेनं त्यांना कुणाशी वागताना मी पाहिलं नव्हतं. काकांनी चहाला हात लावला नाही.

संध्याकाळी ओट्यावर मला विचारलं, "परभणीकर, तुमचे साहेब म्हणाले, 'असू द्या अंकल, या वयात होतं. माझ्या आजोबांनाही होतं.' काय होतं हो या वयात?"

मी चपलेचा पट्टा सोडवत बसलो. तो सुटलेलाच होता.

"मी खूण विचारली. म्हणाले, 'त्याची गरज नाही, तुम्ही परत आणलीत हेच पुष्कळ.' परत आणलीत," काका पुन्हा म्हणाले. "खूण न सांगता थाळी गेली माझ्या हातातून. असं कधी झालं नव्हतं."

सरांनी दयाळूपणानं कुणाला काही सांगितलं नसेल असं मला वाटत होतं. पण दयाळू माणसंही इतरांना आपापल्या थैल्या जपायला सांगतात. पुढच्या रविवारी काका माळावरून जाताना नेहमीसारखे थांबले, तर आमच्यातल्या दोघांनी आपापल्या पिशव्या पायाशी ओढल्या. ज्या अंबरपेठेच्या घरी काका तीनदा जाऊन आले होते, त्या घरचा मुलगा काकांकडे बघत आपल्या तबकड्या मोजायला लागला. मी हे पाहिलं. काकांनीही पाहिलं. ज्याच्या नोकरीत मालखान्यातली सुई इकडची तिकडे झाली नव्हती, त्याला, आपण आल्यावर लोक वस्तू का मोजतात, हे कुणी समजावून सांगायला नको होतं. ते वळले आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांचं फिरणं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आलं. काकू एकदा मला म्हणाल्या, "आता रस्त्यात काही पडलेलं दिसलं तरी बघत नाहीत. ओलांडून जातात. तब्येतीचं काही असेल का हो? तुम्ही विचारा की. तुमचं ऐकतात ते."

मी विचारलं नाही. महिनाअखेर मी पक्का झालो. पेढे घेऊन खाली गेलो. काकांनी एक उचलला आणि म्हणाले, "छान. पक्के झालात." आणखी दोन महिन्यांनी ऑफिसजवळ खोली मिळाल्याचं सांगून मी जागा सोडली. ऑफिसजवळ खोली नव्हती. बसनं आधीपेक्षा जास्त वेळ लागायचा.

मग वर्षं गेली. कंपनी मोठी झाली, विकली गेली. सर अमेरिकेला परत गेले. माझं लग्न झालं, मुलं झाली, पोट सुटलं. बरकतपुऱ्यावरून जायची वेळ आली की मी काचीगुड्याचा वळसा घ्यायचो. एक दिवस फोन आला. आवाज काकूंचा, पण बारीक झालेला.

"परभणीकर ना? घर बिल्डरला देतोय आम्ही. आवराआवर चाललीय. तुमची ती निळी थाळी आहे माळ्यावर. वॉचमनच्या हाती पाठवू म्हटलं तर हे ऐकत नाहीत. मालक आला पाहिजे म्हणतात."

गेलो. काका आरामखुर्चीत होते. फार वाळले होते. मांडीवर पंचा, पंचाखाली गोल काहीतरी.

"या. खूण सांगा."

"उदबत्तीचे तीन डाग," मी म्हणालो. "एक जरा वाकडा. तुम्हीच पाडायला लावले होते."

त्यांनी पंचा बाजूला केला. थाळी पुसून ठेवली होती. "हौ. तुमचीच."

मी ती हातात घेतली आणि उभाच राहिलो. आतून काकूंनी चहा ठेवल्याचा आवाज आला.  म्हणालो, "काका, तुमची एक वस्तू माझ्याकडे आहे."

त्यांनी वर पाहिलं. "खूण?"

मग मी सांगितलं. केशरी थाळी मी हरवली ते, सकाळी ऑफिसच्या दारात उभा राहिलो ते, 'सवय' म्हणालो ते, 'त्यांना काही बोलू नका' म्हणालो ते. शब्द सगळे पाठ होते. दुसरं काहीच मी इतकं जपून ठेवलेलं नाही.

"बरोबर," काका म्हणाले. "तीच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वस्तू कुणाच्या हातून कुठं गेली, हे हुडकायचाच पगार घेत होतो मी."

"मग कधी विचारलं का नाही?"

"दुसऱ्यांच्या वस्तू घेऊन दारोदार फिरलो. माझी मागायला कुणाच्या दारी गेलो नाही." मग ते म्हणाले, "पण ती तुमच्याकडे कुठंय? तुम्ही ती साहेबांकडे दिली. तिथून आणा."

"सर अमेरिकेत आहेत."

"फोन असेल की."

"तिकडे आता मध्यरात्र आहे, काका."

"उठतील."

चहाचा ट्रे घेऊन दारात आलेल्या काकू म्हणाल्या, "लावा आता. नाहीतर पुन्हा वीस वर्षं लावाल."

मी फोन लावला. सर झोपेतच होते. मी माफी मागायला सुरुवात केली, आधी झोपमोडीची, मग दुसऱ्याच कशाची तरी. काका माझ्याकडे बघत होते. शेवटी मी ते सांगितलं. ती तबकडी मी न विचारता घेतली होती, मीच हरवली होती, माझ्या घरमालकांना ती खरंच खडकांत सापडली होती, ते खास तुम्हाला द्यायला आले होते.  मग सर म्हणाले, "आणि मी त्यांना माझ्या आजोबांबद्दल सांगितलं." "आहेत का ते? द्या त्यांना फोन."

काकांनी फोन कानाला लावला. पलीकडून सर बोलायला लागले असावेत, कारण काकांनी हात वर केला, समोर कोणी असल्यासारखा.

"वो सब बाद में, साब. पहले निशानी बोलो."

मग ते ऐकत राहिले. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. सर सांगत होते, तिकडच्या घरी त्यांचा एक कुत्रा होता, त्यानं ती चावली होती, आतल्या कडेला दोन दातांचे व्रण होते, एक खोल आणि एक उथळ. कुत्रा त्याच वर्षी गेला होता.

काकांनी डोळे मिटले. "हौ," ते म्हणाले. "तुम्हारीच थी."

त्यांनी फोन मला परत दिला आणि चहाचा कप उचलला. काकू ट्रे धरून तशाच उभ्या होत्या. मी निळी थाळी खाली ठेवली, हात मोकळे केले आणि काकांच्या समोर उभा राहिलो.

"काका, मी तुम्हाला चोर म्हणालो," मी म्हणालो. "सवय नाही. चोर. मला माफ करा."